नवमीची सवाष्ण

मी काढलेल्या पहिल्या वंशावळीत आमच्या घरातली सात माणसं एक जूनला जन्मली होती. तक्ता मी मोठ्या अभिमानानं पाठवला होता, कारण त्यातली एकही चौकट रिकामी नव्हती. दोन दिवसांनी शिक्षिकेचं उत्तर आलं : एकाच घराण्यात असं घडणं जवळजवळ अशक्य आहे, कृपया तारखा पुन्हा तपासाव्यात.

ही शिक्षिका म्हणजे इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावातली एक निवृत्त बाई. तिचं तोंड मी कधी पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही. घराण्याचा इतिहास कसा शोधावा, याचा अभ्यासक्रम ती ई-मेलवरून फुकट शिकवायची. आठवड्याला एक धडा आणि धड्याखाली स्वाध्याय. नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याला परदेशातून मागण्या येऊ लागल्या होत्या, म्हणून साहेबांच्या केबिनबाहेर इंटरनेटचा एक संगणक बसवला होता. मी हिशेब खात्यात. जेवणाच्या सुट्टीत तो वापरायची परवानगी मी रीतसर अर्ज करून मिळवली होती. लाइन लागेपर्यंत निम्मी सुट्टी जायची, डबा मी कीबोर्डपासून लांब धरून खायचो.

"काय मग, लागलं का राजघराण्याशी नातं?" साहेब जाता जाता विचारायचे. साताऱ्यात वंशावळ काढणारा प्रत्येकजण शेवटी तिथंच पोचतो, असा त्यांचा अनुभव होता.

"अजून आजोबांपर्यंतच पोचलोय."

"मग थांबा तिथंच. पुढं गेलात तर किल्ल्यावर हक्क सांगाल."

एक जूनचा खुलासा मी शिक्षिकेला केला. आमच्याकडे जन्माची नोंद कुणी ठेवत नसे. पोराला शाळेत घालताना गुरुजी त्याच्याकडे बघून वय ठरवत आणि एक जून लिहून मोकळे होत. तिनं कळवलं, "मग ही जन्मतारीख नव्हे. तिच्यापुढे खूण करा. आणि जे जे तुम्ही 'असंच चालत आलंय' म्हणून लिहिलंय, त्या प्रत्येकापुढे खूण करा." मला हे पटलं. माझ्या खात्यातही हाच नियम होता.

हे सगळं मी अक्कासाठी करत होतो. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, सांगलीला दिलेली. दिवाळीनंतर तिच्या यजमानांची साठी होती. तिनं मला आधीच बजावलं होतं, "भेट-बिट काय आणू नकोस. तो तक्ता कर आणि हॉलमध्ये टांग. माझ्या सासरच्यांना कळू दे, मी बी कुठनंतरी आलेय."

सहाव्या धड्याचा विषय घरातल्या चालीरीती हा होता. तुमच्या घरी जे ठरावीक दिवशी होतं ते लिहा, आणि ते कुणासाठी होतं तेही लिहा, कारण प्रत्येक रीतीमागे कुणीतरी माणूस असतो, असं त्यात होतं. मला हा धडा सोपा वाटला. मी लिहिलं : आमच्याकडे पितृपंधरवड्यात नवमीला एक सवाष्ण जेवायला बोलावतात. घरातली जी बाई नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट गेली असेल, तिच्या नावानं हे जेवण असतं. सवाष्णीला हळदकुंकू लावायचं, खणानारळानं ओटी भरायची, पोटभर वाढायचं. आमच्या घरी ही नवमी माझ्या आजीच्या नावानं असते.

उत्तर चार ओळींचं होतं. "दुसऱ्या धड्याच्या तक्त्यात तुमचे आजोबा आजीच्या आधी वारले आहेत. सहाव्या धड्याप्रमाणे आजी आजोबांच्या आधी गेली. दोन्ही खरं असणं शक्य नाही. कोणतं चुकलं?"

डब्यातली पोळी माझ्या हातात तशीच राहिली.

तक्ता चुकला नव्हता. कोयनेच्या भूकंपाची पहाट मला स्वच्छ आठवत होती. मी तेव्हा शाळेत होतो. गल्लीतली सगळी माणसं अंगणात येऊन उभी होती. शेजारच्या काकू अर्धं पुसलेलं कुंकू घेऊन थरथरत धरणीला शिव्या देत होत्या, आणि आमची आजी घोंगडीत बसून त्यांना म्हणाली होती, "आदी कुंकू नीट कर, मग धरणीमायला बोल." तिचं स्वतःचं कपाळ मोकळं होतं. आजोबा त्याआधीच गेले होते. विधवेच्या नावानं नवमीची सवाष्ण घालत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आजीचं श्राद्ध आम्ही तिच्या तिथीला वेगळं करत होतो, तेही मीच करत होतो. या दोन गोष्टी मी आयुष्यात एकदाही शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. नवमी हे बायकांचं काम. मी त्या दिवशी कामावर जायचो आणि संध्याकाळी उरलेली आमटी खायचो. ती आमटी दरवर्षी भयंकर आंबट असायची, एवढाच माझा नवमीशी संबंध होता.

मग आमच्या घरातून कुंकवासकट कोण गेलं होतं?

घरी येईपर्यंत आणखी एकेक गोष्ट समोर येत गेली. वडील वारले तेव्हा भटजींनीच सांगितलं होतं की आता ही सवाष्ण बंद केली तरी चालेल. आईनं ऐकलं नव्हतं. आणि सवाष्ण म्हणून शेजारपाजारची बाई तिला कधी चालली नाही. आजी गेल्यापासून दरवर्षी अक्काच सांगलीहून एस.टी.नं यायची आणि पाटावर बसायची. "अवं, आपलीच लेक सवाष्ण?" असं गल्लीतल्या बायका विचारायच्या. आई म्हणायची, "मला तीच लागती."

आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी पायातले मोजेही काढले नाहीत.

"आई, नवमीची सवाष्ण कुणाच्या नावाची असते?"

"पितरांच्या."

"पितरांतल्या कुणाच्या?"

"घरातल्या बाईच्या. तुला काय करायचंय रं? कवा इचारलं न्हाईस ते आज?"

"आजीच्या नावाची नाही. आजी आजोबांच्या मागून गेली."

तिचा हात सुपात थांबला. "कोण म्हनलं तुला?"

"इंग्लंडातल्या त्या बाई."

"तिला कसं कळलं?"

ती इतकी घाबरून बोलली, की मीच घाबरलो. म्हटलं, "तिला काही कळलं नाही गं. तिनं फक्त वजाबाकी केली."

आईनं सूप बाजूला ठेवलं. दाराकडे पाहिलं. माझी बायको उंबऱ्यात उभी होती, तिलाही तिनं आत बसायला सांगितलं. मग म्हणाली, "माझी थोरली भैन. तुझ्या बापाची पहिली बायकू. अक्काची आई."

मला काही क्षण यातलं शेवटचं वाक्य समजलंच नाही. म्हणजे शब्द समजले, पण ते आमच्या घराबद्दल आहेत हे समजेना.

आईनं थोडक्यात सांगितलं. कोरेगावजवळच्या वडिलांच्या खेड्यात तापाची साथ आली. अक्का तेव्हा रांगत होती. बहीण गेली, आणि आईला बाळ सांभाळायला म्हणून बहिणीच्या सासरी आणलं. बाळ तिला सोडेना. पुढं तिचंच लग्न लावून दिलं. पोरीला कुणी सावत्र म्हणू नये म्हणून आजीनं घरातल्या सगळ्यांकडून देवापुढं कबूल करून घेतलं, की हे कुणी बोलायचं नाही. नंतर वडिलांना साताऱ्यात नोकरी लागली, घर हललं. ज्यांना माहीत होतं ती माणसं एकेक करून गेली. राहिली एकटी आई.

"आन् अक्का?" मी विचारलं. माझ्याही तोंडून आईचीच बोली निघाली.

"तिला ठावं न्हाई."

"मग तिलाच सवाष्ण म्हणून का बसवतेस?"

"तिच्या नावाचा घास तिच्याच लेकीच्या पोटात जावा. दुसरीच्या कशाला?"

आयुष्यभर मी इतरांचे हिशेब तपासले. सगळ्या बेरजा जुळलेल्या असतात आणि तरी पहिलाच आकडा चुकीचा निघतो, असं क्वचित होतं. त्या वेळी अंगातून जो गार काटा जातो तो मला माहीत होता. पण तो कागदाबद्दल होता. इथं माझी बहीण होती.

उठताना आई म्हणाली, "तुझ्या तक्त्यात काय बी लिव्ह. अक्काच्या वर माझंच नाव ऱ्हाऊ दे."

"ते खोटं होईल, आई."

"मग मी खोटी हाय का?"

शिक्षिकेचे धडे मी मनात चाळले. तिथं फक्त एवढंच होतं की जे खोटं आहे हे माहीत आहे, ते लिहू नये. मी ठरवलं की तक्ताच करायचा नाही. आईला तसं सांगितलं. तिनं सूप उचलून फळीवर ठेवलं. बायको मात्र म्हणाली, "तक्ता तुमचा असेल. गोष्ट त्या दोघींची आहे. तुम्ही मधे पडू नका."

नवमीला मी रजा टाकली. अक्का नेहमीसारखी सकाळच्या गाडीनं आली, पिशवीत सांगलीची हळद आणि बेदाणे. चप्पल काढता काढताच तिनं विचारलं, "तक्ता झाला?"

"नाही. आणि होणारही नाही बहुतेक."

"का? सोडलं का तुझ्या मडमेनं तुला? मी तिकडं गावभर सांगून बसलेय. आता नणदा म्हणतील, हिचं म्हायेर झाडाला लागलं होतं."

आईनं आतून हे ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पान मांडलं. वडील गेल्यापासून हळदकुंकू लावायचं काम माझी बायको करायची. तिनं ते केलं, ओटी भरली. अक्का पाटावर बसली. पहिला घास घेतला आणि तिनं तोंड वाकडं केलं.

"दर वर्षाला हीच बोंब. आई, चिंच काय फुकट वाटत होते का गं?"

"तिला आंबट लागायचं," आई म्हणाली.

"कुणाला?"

"जिच्या नावानं जेवतीस तिला."

"आजीला? आजी आंबट तोंडाला लावत नव्हती. गुडघे धरायचे तिचे."

आई तिच्या पानासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "आजी न्हवं. माझी भैन. तुझी आई."

आई आज बोलेल हे मला माहीत नव्हतं. तिलाही पान वाढेपर्यंत माहीत नसावं. अक्कानं आधी माझ्याकडे पाहिलं. "हे तुझ्या मडमेनं काढलं?" तिनं अगदी हळू विचारलं. मी मान हलवली, होय की नाही ते मलाच माहीत नाही. मग ती उठली.

"वन्सं, पानावरनं उठू नका," माझी बायको घाबरून म्हणाली. नवमीची सवाष्ण अर्ध्या पानावरून उठली, असं आमच्याकडे कधी ऐकलंही नव्हतं. अक्का तशीच खरकट्या हातानं मागच्या दारी गेली आणि धुण्याच्या दगडापाशी आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. आई पानापाशी बसून पदरानं माश्या वारत होती. मला वाटलं, अक्का आता पिशवी घेऊन गाडीला जाईल, आणि आई पुन्हा कधी हे पान मांडणार नाही.

बऱ्याच वेळानं दारातून आवाज आला. "दिसायला कशी होती?"

"तुझ्यावानी. रागाला बी."

"फोटो?"

"कुठला आलाय फोटो."

"आणि तू किती वर्षांची होतीस?"

"पंधराची असंन. तू रातभर माझ्या परकराला धरून असायचीस. मला परसाकडला बी जाऊ देत न्हवतीस."

अक्का उंबऱ्याशी आली. "म्हणजे तू मावशी."

आईनं पानावरची माशी वारली.

"चौपन्न वर्षं आई म्हणवून घेतलंस. आणि आता मावशी?"

"मी कुठं म्हनलं? तूच म्हनलीस."

अक्कानं उंबरा ओलांडला. मग येऊन पाटावर बसली. तिचा हात वाळून पांढरा पडला होता. ती म्हणाली, "ही गार झालीय. दुसरी वाढ." आईनं आमटी वाढली. अक्कानं भात कालवला आणि सगळा संपवला. दुसऱ्यांदाही आमटी घेतली. एकदाही आंबट म्हणाली नाही.

संध्याकाळी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. सांगलीची गाडी लागली होती. खिडकीत बसल्यावर ती म्हणाली, "तक्ता कर. दोघींना बी घाल, शेजारी शेजारी. रेघा दोघींकडनं माझ्यावर आण."

"तशी पद्धत नसते, अक्का."

"मग काढ नवी."

"थोरलीची जन्मतारीख आईलाही माहीत नाही."

"तर रिकामी ठेव. उगं एक जून लावू नकोस. ती शाळेत कुठं गेली होती?"

शिक्षिकेला मी दुसऱ्या दिवशी कळवलं, की चूक सहाव्या धड्यात होती, आणि ती दुरुस्त झाली आहे. दोन रेघांचंही विचारलं. तिनं लिहिलं, एक रेघ सलग काढा, एक तुटक, आणि खाली खुलासा द्या. कुठली तुटक ते तिनं लिहिलं नव्हतं. मी दोन्ही सलग काढल्या.

सांगलीत साठीच्या दिवशी तक्त्यापुढं गर्दी होती. अक्काची नणंद चष्मा लावून वाचत वाचत वर गेली आणि दोन चौकटींपाशी अडली. "अगं, ह्यातली तुझी आई कुठली?"

अक्का लाडवांचं ताट घेऊन चालली होती. तिनं हनुवटीनं आईकडे खूण केली. "ती काय, पंख्याखाली बसलीय." मग ताट नणंदेच्या हातात देऊन तक्त्यातल्या अर्ध्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. "आणि ही."