उगवलेलं जंगल

कुठलाही फोटो समोर आला की सर आधी विचारायचे, "म्हैना कोणता?"

उपग्रहाच्या चित्राबद्दल हे ठीक होतं. पण ऑफिसातल्या शिपायाने मुलासाठी सांगून आलेल्या मुलीचा फोटो कौतुकाने दाखवला, तेव्हाही चष्मा कपाळावर सरकवून सरांनी तेच विचारलं. आम्ही हसून बेजार. ते मात्र गंभीरपणे म्हणाले, "लग्नसराईतल्या फोटोवर इश्वास ठेवू नका."

नांदेडच्या त्या ऑफिसात आमचं काम एका लहान नदीच्या पाणलोटाचं होतं. जुनी-नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवायची आणि नैसर्गिक जंगल किती गेलं ते नकाशावर दाखवायचं. तुम्ही म्हणाल, हिरवं ओळखायला काय लागतं? लागतं. पावसाळ्यानंतर ऊस हिरवा, तूर हिरवी, बांधावरचं गवतसुद्धा हिरवं. आणि आपल्याकडचा साग-धावडा उन्हाळ्यात पानं गाळून असा उभा राहतो की चित्रात नुसतं माळरान दिसावं. म्हणून एप्रिल एप्रिलशी आणि नोव्हेंबर नोव्हेंबरशीच ताडून बघायचा, हा सरांचा हट्ट. नीलगिरीची लागवड कुणी जंगलात धरली की ते भडकायचे. "लावलेलं येगळं, उगवलेलं येगळं!"

मुदखेडकडच्या एका टेकडीवर त्यांचा फार जीव. सगळ्या पाणलोटात उगवलेलं म्हणण्यासारखं जंगल तेवढंच उरलं होतं. रेणापूरच्या किराणा दुकानात वाढलेला हा माणूस रविवारी डबा घेऊन तिथे जायचा आणि सोमवारी आम्हाला धावड्याचा डिंक वाटायचा. चव कसलीच नसायची. तरी आम्ही चघळायचो.

मग वरून फर्मान आलं. ती टेकडी खडीच्या खाणीला द्यायची होती, आणि एकूण जंगल वाढलंय असं अहवालात दिसलं की एका टेकडीचं कुणी विचारत नाही. सरांच्या वरच्या साहेबांनी जुनं चित्र एप्रिलचं घेतलं, नवं नोव्हेंबरचं. झालं, वाढलं जंगल! अहवाल सहीसाठी सरांपुढे आला.

"साहेब, हे म्हंजे उघड्या माणसाशेजारी धोतर नेसलेला उभा करून कापड वाढलं म्हनायचं. मी सही करत न्हाई."

"करून टाका की. निवृत्तीला राहिलंय किती?"

"म्हनून तर करत न्हाई."

लगेच त्यांची बिलोलीला बदली झाली. सही दुसऱ्याने केली, माझ्याच टेबलावर, चहा पिता पिता. अहवालाचं कौतुक झालं, हारतुरे झाले, टेकडीला सुरुंग लागले. मला त्या माणसांची अजून चीड येते, आणि ती जाऊही नये असं वाटतं.

सर बिलोलीहूनच निवृत्त होऊन रेणापूरला गेले. मधुमेहाने त्यांची नजर गेली. टेकडीचं त्यांना सांगायला आमच्यापैकी कुणाचीच जीभ रेटली नाही.

ते वारले त्याच्या थोडं आधी मी भेटायला गेले होते. पाणलोटाचं नवं चित्र छापून आणा, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. कागद मांडीवर पसरून त्यांनी कडेपासून वितीने अंतर मोजलं आणि एका जागी बोट टेकवलं.

"ताई, हितं हाय न्हवं अजून?"

बोट नेमकं खाणीच्या पांढऱ्या डागावर होतं.

"हाव सर, हाय," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. "मग बरं झालं, मी सही केली न्हाई."