थेंबाचा चष्मा

आमच्या घरात डोक्याने चालणारी माणसं दोनच, आई आणि वहिनी. दादा पायाने चालतो, म्हणजे त्याला ज्या दिशेला वळवाल तिकडे जातो. मी तोंडाने चालते. म्हणून दादाने लहानपणी माझं नाव मिरची ठेवलं आणि ते असं चिकटलं की लग्न होऊन समोरच्या इमारतीत राहायला गेले तरी निघालं नाही. तर ही दोन डोकी बावीस वर्षं एका स्वयंपाकघरात नांदली, ती कामापुरतं बोलून. "दूध आणलंय." "बरं." "गॅस संपत आलाय." "सांगते." भांडण म्हणाल तर कधी नाही, आणि कौतुक त्याहून नाही. आईच्या तोंडून कौतुक काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. "बरंय" हा तिचा सगळ्यात मोठा पुरस्कार. तो मला एकदोनदा मिळालाय, वहिनीला नाही.

वहिनी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. पुढे काचेची कपाटं, आरसे आणि दिवसभर हसणारी मुलं-मुली. मागे वहिनी, एक दिवा, भिंग घासायचं मशीन आणि इवल्याशा स्क्रूंच्या डब्या. एखादा स्क्रू खाली पडला की तो सापडेपर्यंत खोलीत कुणी पाय हलवायचा नाही. वाकलेल्या काड्या सरळ करायच्या, फ्रेम तापवून कानामागे बसवायची, नाकावर टेकणारी ती दोन पारदर्शक बटणं असतात ना, नोज पॅड, ती बदलायची. हे सगळं सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तिने पदवी घेतली, तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, हौस फिटली. कसली फिटतेय! विद्यापीठात पदवीनंतर ऑनर्सचं आणखी एक वर्ष होतं, विषय इनोव्हेशन. विद्यापीठाच्याच एका कार्यशाळेत आजारी आणि वयस्कर माणसांसाठी लहानसहान साधनं बनवतात. तिथे एक जागा निघणार होती, आणि ऑनर्स असेल त्यालाच ती मिळणार होती. वहिनीला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की तिने ते मोठ्याने बोलूनही दाखवलं, आणि वहिनी कधी काही मागत नाही. मालकाकडून दुपारची सुटी मिळवून तिने पुन्हा दप्तर खांद्याला लावलं.

"म्हणजे नक्की काय शिकवतात तिथे?" आईने विचारलं.

"नवीन वस्तू कशी करायची ते, आई."

"ते काय शिकवून येतं?"

"तसं येत नाही. पण केलेली वस्तू कशी फसते ते शिकवतात."

"ते मी फुकटात सांगितलं असतं," आई म्हणाली आणि उठून गेली.

मी एकदा तो वर्ग बघून आले. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या, आणि वहिनीच्या निम्म्या वयाची मुलं त्यांच्याकडे बघत डोकं खाजवत बसलेली. एक जण पाणी प्यायची आठवण करणारं अ‍ॅप बनवत होता. त्याला तहान लागत नाही का, असं मी वहिनीच्या कानात विचारलं तर तिने मला चिमटा काढला. त्यांच्या मार्गदर्शक मॅडम उंच, खणखणीत आवाजाच्या. त्यांचा पहिल्या आठवड्यातला नियम वहिनीने मला पाठ म्हणून दाखवला होता: "माझी वस्तू कशी वाटली, असं कुणालाही विचारू नका. ज्याचा तुमच्यावर जीव आहे तो खोटं बोलेल. तो वस्तूचं काय करतो ते बघा." सगळ्यांनी हे लिहून घेतलं. वहिनीने तर खाली दोन रेघा मारल्या.

वर्षाच्या शेवटी एक वस्तू करून तिच्यावर प्रबंध द्यायचा होता, त्याचा विषय तिला दुकानातच सापडला. डोळ्यांत औषध घालणारी म्हातारी माणसं गिऱ्हाईक म्हणून यायची आणि एकच रडगाणं गायची: स्वतःच्या हाताने थेंब डोळ्यात पडत नाही. हात थरथरतो, पापणी मिटते, औषध कपाळावर. आमच्या आईलाही काचबिंदू आहे. तिचे थेंब चुकवून चालत नाही. सकाळी दुकानात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर वहिनीच ते घालायची. वहिनीने जुन्या फ्रेमा घेतल्या, भिंगाच्या जागी प्लास्टिकची छोटी वाटी बसवली, वाटीला मधोमध भोक पाडलं. चष्मा लावायचा, मान मागे करायची, बाटली वाटीत उलटी टेकवायची आणि दाबायची. थेंब बरोबर डोळ्यात. मी साधं पाणी घालून करून बघितलं. खोट काढायची माझी फार इच्छा होती, पण सापडली नाही.

असे सहा चष्मे तिने सहा जणांना दिले. एक आईला. एक वरच्या मजल्यावरच्या हेडबाईंना, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिकेला. एक तळमजल्यावरच्या घड्याळकाकांना. ते जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले आणि कुणी दोन मिनिटांपेक्षा जास्त बसलं की घड्याळाकडे बघतात. बाकीचे तीन दुकानातल्या गिऱ्हाइकांना. महिनाभराने ती सगळ्यांकडे जाऊन आली आणि काय विचारलं असेल? कसा वाटला चष्मा? दोन रेघा मारलेला नियम दप्तरात, आणि ही बाहेर.

सगळ्यांना चष्मा आवडला होता. हेडबाईंनी तर दहापैकी दहा दिले, आणि त्यांनी आयुष्यात कुठल्या मुलाला दहापैकी आठच्या वर दिलेले नाहीत. संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आली. चप्पल काढायच्या आत म्हणाली, "मिरचे, आई 'उत्तम' म्हणाल्या."

"कोणाची आई?"

"तुमची गं! आपली."

चहा पिताना तिने ते पुन्हा सांगितलं. जाताना दारात उभी राहून आणखी एकदा. मला जरा डाळीत काहीतरी काळं वाटलं, पण तिचा चेहरा बघून माझ्यासारखीची जीभसुद्धा वळली नाही.

प्रबंध द्यायला थोडे दिवस उरले असताना तिने सगळे चष्मे स्क्रू घट्ट करायला म्हणून परत आणले. मी तिच्याकडेच होते, शेंगा सोलत. तिने पहिला चष्मा दिव्याखाली धरला. मग दुसरा. मग सगळे ओळीने मांडले आणि हात मांडीवर ठेवून नुसती बसली.

"काय झालं?"

"हे कुणी घातलेलेच नाहीत."

"कशावरून?"

"नोज पॅड बघ. चष्मा महिनाभर नाकावर बसला की पॅड पिवळट पडतं, कडेला मळ धरतो. कितीही पुसा. हे कोरे आहेत. सगळे कोरे." मग तिने त्यातला एक उचलला. त्याची पॅड चांगली मळकट होती. "हा सोडून. हा घड्याळकाकांचा."

तोवर आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती आणि दादा तिच्या मागे. वहिनीने काही विचारलं नाही, फक्त आईचा चष्मा हातात धरला. दादाला तेवढंही पेललं नाही.

"मी घालत होतो थेंब," तो म्हणाला. "तू आंघोळीला गेलीस की. आणि संध्याकाळी तू यायच्या आत."

"निम्मे गालावर," आई म्हणाली.

"पण आई, का? चष्मा त्रास देतो का? टोचतो?"

"टोचत नाही. त्या वाटीची कड गार लागते." आई म्हणाली. "तू घालतेस तेव्हा आधी हात चोळून घेतेस."

"मग तसं सांगायचं ना मला!"

"तुझी परीक्षा होती."

रागवायचं तरी कुणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. वहिनी खाली बघत चष्मे डब्यात भरत राहिली. मला मात्र राहवलं नाही. हे गुपित घरातल्या दोघांनी माझ्यापासूनही लपवलं होतं, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तरी मी शहाणपणाचाच सल्ला दिला. म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. परीक्षक काय नोज पॅड बघायला येणार आहेत? सहा जण छान म्हणाले, तसं लिही आणि मोकळी हो."

"आणि उद्या कार्यशाळेत असे शंभर बनवायचे? माणसं चष्मा कपाटात ठेवतील, घरच्यांना वाटेल औषध जातंय. डोळा कुणाचा जाईल, मिरचे?"

मी शेंगा सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की बाहेरून येणारे परीक्षक कडक आहेत, दिवस कमी आहेत, नव्याने सुरू केलं तर काम अर्धवट राहून ऑनर्स हुकूही शकतं. मुदत वाढवून मिळणार नाही. वहिनी म्हणाली, बरं. आणि चष्मे घेऊन निघाली पुन्हा त्याच दारांकडे, पण या वेळी विचारायला नाही. थेंब घालायच्या वेळेला जायचं, कोपऱ्यात बसायचं, बघायचं.

हेडबाईंकडे त्यांची जुनी विद्यार्थिनी येत होती. थेंब घालायला मिनिट लागायचं आणि गप्पांना तासभर. "चष्मा लावला तर ती कशाला येईल गं?" हेडबाई म्हणाल्या आणि दहापैकी दहा शांतपणे मागे घेतले. गिऱ्हाइकांपैकी एक नवरा-बायको दिवसभर एकमेकांवर खेकसायचे. पण थेंबाच्या वेळी तो तिची हनुवटी धरून "वर बघ, वर बघ" म्हणायचा, आणि ती निमूट वर बघायची. तेवढाच काय तो त्यांच्यातला तह. आता म्हणाल, घड्याळकाका बिचारे एकटे, म्हणून त्यांनी चष्मा वापरला. वहिनीलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, काका, मी येत जाऊ का थेंब घालायला? काका भडकले. "माझ्या चेहऱ्याला हात लावलेला मला चालत नाही. बायकोचाही चालवून घेतला नाही कधी. चष्मा परत मागायला आला असाल तर दार तिकडे आहे." वहिनी हसत हसत घरी आली. पुष्कळ दिवसांनी हसली होती.

तिने हे सगळं लिहिलं. वस्तू चालते, पण सहातल्या पाचांना नको आहे, का नको आहे, आणि ते आपल्यापासून का लपवलं.

प्रबंध मांडायच्या दिवशी घरच्यांना मागच्या रांगेत बसायची परवानगी होती. आम्ही तिघंही गेलो. आईला दादाने बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. मला तर दोनदा बजावलं. परीक्षक सुकलेल्या चेहऱ्याचे होते आणि त्यांचा चष्मा डावीकडे कलला होता. वहिनीचं निम्मं लक्ष त्या चष्म्याकडे. बोटं शिवशिवत असणार तिची.

"पाच जण तुमच्याशी खोटं बोलले," परीक्षक म्हणाले. "तुम्ही लिहिलंय, तुमची परीक्षा चांगली व्हावी म्हणून. हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांनीच सांगितलं, सर."

"म्हणजे खोटं बोलणाऱ्यांनी खोट्याचं कारण सांगितलं, आणि ते तुम्ही खरं धरलंत."

मॅडम कागद चाळू लागल्या. वर्षभराची मेहनत त्या एका प्रश्नात बुडताना मला दिसत होती, आणि मी पुढच्या खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते.

"उदाहरणार्थ, तुमच्या सासूबाई," परीक्षक पुढे म्हणाले. "इथे लिहिलंय की त्या इतर वेळी कधी कौतुक करत नाहीत. मग त्या 'उत्तम' का म्हणाल्या? परीक्षेसाठी 'बरा आहे' म्हटलं असतं तरी भागलं असतं."

"मला माहीत नाही, सर," वहिनी म्हणाली.

"मला माहीत आहे," मागून आवाज आला. दादाने आईचा पदर ओढला, पण ती उभी राहिली होती. "मीच ती सासू. परीक्षेचं मी तिला सांगितलं ते खरं नव्हतं."

"मग खरं काय?"

"ती विचारत होती चष्म्याबद्दल. मी सांगत होते तिच्याबद्दल." आई एका हाताने पुढची खुर्ची धरून उभी होती. "बावीस वर्षं तो शब्द तोंडात होता. बाहेर काढायला काही निमित्त नको का? तिने विचारलं, मी म्हटलं. चष्मा तर मी एकदाच लावला आणि ठेवून दिला."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे प्रबंधात का नाही?"

"मलाही आत्ताच कळतंय, सर," वहिनी म्हणाली.

"एक पान जोडा. यांचं म्हणणं, यांच्याच शब्दांत. उद्यापर्यंत माझ्याकडे आलं तर ऑनर्सला माझी हरकत नाही."

घरी आल्याबरोबर वहिनी कोरा कागद घेऊन आईसमोर बसली. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

"आई, मघाशी काय म्हणालात ते पुन्हा सांगता?"

"एकदा सांगितलं ना? मी काय रेडिओ आहे?"

वहिनी पेन धरून बसून राहिली. मग आईने खुर्ची तिच्याकडे वळवली आणि पहिल्यापासून सांगायला लागली, हळूहळू, शब्द न् शब्द लिहून होईपर्यंत थांबत.