गोजरबाईनं निवडलेला पंप

"पंप डोळ्यांनी घेऊ न्हाई, हातानं घ्यावा," असं गोजरबाई एकदा म्हणाली होती. जालन्याला कचरूलालच्या दुकानात ती हे म्हणाली आणि त्या दुकानात ती शिरली होती ती गप्प राहायचं ठरवूनच.

वाटूर फाट्यावर लिंबाखाली ती मोटारींना हवा भरायची. दुकान मूळचं नवऱ्याचं, पुंजारामचं. पोलीस अ‍ॅक्शननंतर फौजेचं मोडीत निघालेलं सामान विकायला आलं, त्यातून त्यानं एक सडपातळ पितळी पंप आणला. काही वर्षं बरी गेली. मग दमा त्याच्या छातीत शिरला आणि दुसऱ्यांची टायरं भरणाऱ्याला स्वतःचा श्वास पुरेना. पंप बायकोच्या हाती आला. सुरुवातीला ट्रकवाले हसायचे. "बाई, संभाळून. तुम्हीच फुगताल." ती मान वर न करता म्हणायची, "तोंडातली हवा राखून ठेव. टायरात कामी येईल." दोन्ही पाय पंपाच्या पायरीवर रोवून ती खांद्यातून वजन सोडायची. शेवटी टायरवर लाकडी हातोडी मारून आवाज ऐकायची. ड्रायव्हरनं हवा मोजायचा काटा लावला तर तो तिच्या कानाशी जुळायचा.

पण सत्तावन्न साल येईतो ट्रकवाले आपापले पंप ठेवू लागले. ठरलेली मोटार एकच उरली. फिरता दवाखाना.

ती मोटार म्हणजे चाकांवरची खोलीच. मागं दोन फळ्यांचे पलंग, स्टोव्ह, औषधांचं कपाट, खिडकीला पडदा. डॉक्टर आणि त्यांचा ड्रायव्हर रखमाजी मंगळवारी जालन्याहून निघत आणि शनिवारपर्यंत तिच्यातच राहत. वाटूर त्यांच्या गावांच्या यादीत नव्हतं. पक्का रस्ता सोडायच्या आधी हवा भरून घ्यायची, एवढ्यासाठीच मोटार फाट्यावर थांबायची. गोजरबाई सहा चाकं भरेपर्यंत डॉक्टरांना काम नसायचं. मग ते पुंजारामच्या छातीला नळी लावत, सुई देत, गोळ्या ठेवून जात. पुढचे चार-पाच दिवस पुंजाराम आडवा होऊन झोपायचा. त्यानंतर मंगळवार उजाडेपर्यंत भिंतीला पाठ लावून बसायचा.

एकदा मंठ्याच्या पलीकडं गाडीरस्त्यात मोटारीच्या चाकाची हवा गेली. जवळ होता तो सायकलचा पंप. पुढच्या गावात एक बाई दोन दिवस अडलेली होती. ती डॉक्टर पोचायच्या आत गेली. त्यानंतर डॉक्टर म्हणाले, "गोजरबाई, आता आपला पंप पाहिजे. तुमच्याइतकं त्यातलं कुणाला कळतं? शनिवारी परतताना जालन्याला चला. येताना एस.टी.त बसवून देतो."

ती निघाली तेव्हा पुंजाराम थांबत थांबत बोलला, "डागदर जाडा पंप घेतील. समदे घेतेत. घेऊ दे. तू बोलू नको. जाड्यानं काम व्हायचं न्हाई. मंग हवेला हितंच येतील."

"बरं," ती म्हणाली. आणि तिच्या मनातही तेच होतं.

कचरूलालनं दोन पंप मांडले. एक लालभडक, मांडीएवढा जाड. दुसरा काळा, बारीक. "डॉक्टरसाब, तोंडावर अंगठा ठेवा," तो म्हणाला. बाजारात पंप असाच विकला जायचा. त्यानं लाल पंपाचा दट्ट्या एकदा दाबला आणि डॉक्टरांचा अंगठा उडाला. ते हसले.

"घोडा हाय घोडा," कचरूलाल म्हणाला. "बारका काय, गरिबाचा माल."

"हाच द्या. काय गोजरबाई?"

ती फरशीकडं बघत होती. "तुम्ही म्हणता तर बराबर."

कचरूलाल गुंडाळायचा कागद आणायला वळला. लाल पंप तिच्या पुढ्यातच होता. तिनं सवयीनं मूठ धरली, मनगटानं तोंड बंद केलं आणि एकदा दाबलं. तेवढ्यावरच हाताला कळलं, हा अर्ध्यावर अडणार. आणि हाताला कळलेलं तिला पोटात ठेवता येईना. तेव्हा ती ते हातानं पंप घ्यायचं वाक्य बोलली.

"बाई, हात लावून नव्या मालाला जुना करून राह्यल्या," कचरूलाल म्हणाला.

"अंगठ्यावर कुणीबी पैलवान, शेठ. टायरवर लावा."

मोटार दारातच होती. मागच्या चाकाची हवा कमी करून तिनं लाल पंप लावला आणि डॉक्टरांकडं बघितलं. "तुम्ही मारा, साहेब. रानात मी नसते."

तीस पौंडांपर्यंत काटा भराभर चढला. चाळिसाला मूठ खाली जाईना. डॉक्टरांनी अंगाचा भार टाकला, तर मुठीनंच त्यांना वर उचललं.

"घोडा बसू देईना का, साहेब?" रखमाजीनं विचारलं. कचरूलाल रस्त्यावरची बैलगाडी बघू लागला.

मग काळा पंप. अडीचशे वेळा दट्ट्या दाबून झाला, डॉक्टरांचा सदरा भिजला, पण मूठ एकदाही अडली नाही. काटा हळूहळू साठाला टेकला.

"जाडा एका दमात लई हवा ढकलतो," ती म्हणाली. "पर आतली हवा दाटली की तेवढाच भार उलटा तुमच्यावर बसतो. बारका थोडी थोडी देतो, पर देत राहतो."

डॉक्टर खूष होते. रुमालानं मान पुसत म्हणाले, "झालं तर. आता वाटूरला थांबायला नको. एक तास वाचला म्हणजे एक गाव वाढलं." आणि मग त्यांना आठवलं. "पुंजारामला परतूरच्या दवाखान्यात दाखवत जा. मी चिठ्ठी देतो." सगळे परत दुकानात आले आणि ते खरोखरच लिहायला बसले.

पुंजारामला भिंतीपासून लिंबापर्यंत जायला दोनदा बसावं लागायचं, परतूर कुठलं गाठणार. हे तिनं सांगितलं असतं तर मोटार थांबली असती. डॉक्टर माणूस चांगला होता. पण मग मोटार दर मंगळवारी तिच्यावर दया म्हणून थांबली असती आणि त्या तासात पलीकडच्या कुठल्या तरी गावात कुणीतरी वाट बघत पडलं असतं. आजवर ती हवा द्यायची आणि ते औषध द्यायचे. कुणाचं कुणावर काही नव्हतं.

तिनं काळ्या पंपाचं टोपण उघडलं, आतल्या चामड्यावर तेलाचे दोन थेंब सोडले आणि रखमाजीला बोटानं दाखवलं, एवढंच, जास्त नको. टोपण आवळलं. डॉक्टरांनी चिठ्ठी पुढं केली.

"उद्या रविवार, म्हणून वरची तारीख सोमवारची घातलीय. सोमवारीच न्या."

तिनं चिठ्ठीची घडी केली, पदराच्या टोकात बांधली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून गेली.