लाल कार्ड मंडळाचं

कामावर निघण्याआधी योगिनीताई दराडे रोज घरातल्या सगळ्यांची नखं बघायच्या. मुलांची, नवऱ्याची, सासूचीसुद्धा. "मी काय कबड्डी खेळाया चाललेय का गं?" सासूबाई कुरकुरायच्या, आणि तरी हात पुढे करायच्या.

आठवडाभर सिन्नरच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीची पंचगिरी. सामन्याआधी खेळाडूंची नखं तपासायची, तीच सवय घरीही. पंचांची परीक्षा त्या धाकटा पोटात असताना पास झाल्या होत्या.

घोटीच्या स्पर्धेत, उपांत्य सामन्यात, त्यांनी एका चढाईपटूला बोनस गुण नाकारला. बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत हवा, त्याचा जमिनीला टेकलेला होता. त्याचा प्रशिक्षक अमोल मैदानात घुसला. ताकिदीचं हिरवं कार्ड त्याला आधीच दाखवून झालं होतं. "भाकरी थापायची सोडून इथं कशाला आली?" तो ओरडला. ताईंनी लाल कार्ड काढलं. सामना संपेपर्यंत बाहेर.

तो हलेना. त्याचे खेळाडू मैदानातच मांडी घालून बसले. तेव्हा आयोजक रावजी नारळ घेऊन आले. आपल्याकडे मैदानातली भांडणं अशीच मिटतात. एकमेकांना नारळ द्यायचा, लोक टाळ्या वाजवतात आणि पंचाचा निर्णय त्या टाळ्यांत बुडून जातो.

"घ्या ताई, मोठ्या मनानं. भाऊ समजा."

ताईंनी हात पाठीमागे बांधले. तो नारळ घेतला असता, तर जिल्ह्यातल्या कुठल्याच मैदानावर त्यांची शिट्टी कुणी मानली नसती.

गुणलेखकाच्या टेबलामागून पंच मंडळाचे अध्यक्ष धोंडीराम सांगळे उठले. सावकाश चालत आले. बाकीचे पंचही त्यांच्या मागोमाग येऊन ताईंच्या शेजारी उभे राहिले.

"रावजी, नारळ देवापुढं फोडा. कार्ड तिच्या हातात हाय, पण ते मंडळाचं हाय. हा बाहेर जाईस्तोवर आज एकबी शिट्टी वाजणार नाय. आन् पुढं काय करायचं ते मंडळ बघंल. तिला कुणी फोन करायचा नाय."

गर्दीतून कुणीतरी हाळी दिली, "ओ अमोलशेठ, निघा की! आम्हाला कबड्डी बघायचीय!"

हशा पिकला. अमोल चपला शोधत बाहेर गेला.

सामना त्याच्याच संघानं जिंकला. ताईंनी तितक्याच ताठ हातानं त्यांचा विजय जाहीर केला. चेहऱ्यावर राग नव्हता, उपकार केल्याचा भावही नव्हता. सिन्नरहून सामने बघायला आलेली आम्ही मंडळी उगाचच सरळ होऊन बसलो.

थोड्या वेळानं रावजी खाली मान घालून आले. "ताई, अंतिम सामन्यालाही तुम्हीच उभ्या राहा."

"राहते की. आधी चहा सांगा, घसा पार कोरडा पडलाय."