दुखलं की सांगा

त्या दुष्काळी उन्हाळ्यात शहर चहूबाजूंनी पसरत होतं आणि आमच्या कॉलनीतल्या नळाला मात्र थेंब नव्हता. टँकर आला की अख्खी गल्ली हंडे घेऊन धावायची. ताई तेवढी दारात उभी राहायची, उजवा हात पदराखाली घेऊन. शेजारणी चौकशा करू लागल्या की मीच पुढं व्हायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची!" चेष्टा केली की माणसं पुढचं विचारत नाहीत.

ताईला सिल्लोडला दिलेली. भाकऱ्या करताना तोल गेला आणि तळहात तापल्या तव्यावर टेकला, असं दाजींनी आम्हाला सांगितलं होतं. दुखतं म्हणून तिथं बोटं मिटूनच पट्टी बांधत राहिले. जखम भरली, पण बोटं मिटली ती मिटलीच. ताई माहेरी आल्यावर मी पट्टी सोडली. बोटांची कातडी तळहाताकडं ओढून पार आवळली होती.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनशिवाय हात उघडेल, पण आत्ताच मेहनत घ्या, नाहीतर जन्माची मूठ होईल. मग मी तिला रोज दवाखान्यात नेऊ लागले. तिथल्या व्यायामाच्या बाई तिचा हात पातळ केलेल्या कोमट मेणात बुडवायच्या, तेल चोळायच्या आणि एकेक बोट हळूहळू सरळ ओढायच्या. रात्री बोटं फळीला बांधून ठेवायची. दुखलं की सांगा, मी तिथंच थांबेन, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

ताई कुठली सांगतेय! विचारलं की एकच उत्तर, "नाय." आमच्याकडं बाईमाणसाचं कौतुक यातच असतं. अमकी बाळंतपणात हूं की चूं करत नाही, तमकी भाजलं तरी हात झटकत नाही. बाई ओढत राहिल्या आणि एके दिवशी ती कातडी तडकली. टेबलावर रक्त बघून मी त्यांच्यावर तुटून पडले. त्यांचाही चेहरा उतरला होता. त्या इतकंच म्हणाल्या की, ही काही बोललीच नाही.

जखम भरेपर्यंत ओढणं बंद राहिलं आणि सुटलेली बोटं पुन्हा आखडली. त्यानंतर बाईंनी हट्टच धरला. ताई तोंडानं बोलल्याशिवाय त्या पुढं जाईनात. शेवटी एकदा ताई पुटपुटली, "दुखतंय. सोडा." बाईंनी लगेच बोट सोडलं. ताई एकदम रडायला लागली, काही केल्या थांबेना.

परतताना शहागंजात रिक्षाची वाट बघत होतो. ताई म्हणाली, "मी सोडा म्हणलं, अन् त्यांनी सोडलं."

मी हसले. म्हटलं, मग काय धरून ठेवतील?

"यांनी नव्हतं सोडलं. हात धरून तव्यावर दाबला. सोडा, सोडा म्हणत व्हते मी."

दाजींनी? दर खेपेला मक्याची कणसं आणणारे, मी थट्टा केली की लाजणारे आमचे दाजी? रिक्षा आली, गेली, मला हात करायचंही सुचलं नाही.

घरी आल्या आल्या मी आईला सगळं सांगितलं. ती पिंपात पाणी ओतत होती. तिनं हंडा रिता होईपर्यंत ओतला आणि मग म्हणाली, "ठाऊक हाय मला. आली त्याच दिशी बोलली व्हती ती. हात सरळ झाला की धाडू. तवर त्यांचाबी राग उतरंल."

इतका संताप मला दाजींचाही आला नव्हता. रोज उन्हातान्हात मी तिला दवाखान्यात नेत होते, ते यासाठी?

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ झाली तरी ताई जागची हलली नाही. उजवा हात मांडीवर घेऊन बसली होती.

"नको जायला," ती म्हणाली. "हा उघडला की मला तिकडं जावं लागंल."