टोक दाबून धरा, पाव्हणं

दुसऱ्याला स्वस्थ बसू न देण्याची कला जगात कुणाला पूर्ण साधली असेल, तर ती आमच्या थोरल्या साडूंना. फौजेतून घरी आलेली माणसं आमच्याकडं शेती बघतात, पारावर बसतात, फार तर सरपंचाच्या नाकी नऊ आणतात. या गृहस्थांनी मात्र मेढ्याजवळच्या आपल्या गावात, शाळेतल्या पोरांना ऊर्जा म्हणजे काय ते शिकवायला घेतलं, आणि तेही आइस्क्रीमच्या काड्यांनी!

काड्या यायच्या लग्नांतून. फलटणला माझ्या पुतणीच्या लग्नात हे आइस्क्रीमच्या टेबलाशेजारी पिशवी पसरून उभे. नवऱ्या मुलाचे मामा काडी टाकणार, तोच यांनी त्यांचं मनगट पकडलं. "आवं, टाकू नका! लय ताकद हाय तिच्यात!" मामा भांबावून काडीकडं बघत राहिले आणि मला मांडवातून पळून जावंसं वाटलं. त्या उष्ट्या काड्या नंतर वाईला आमच्याच घरी, आमच्याच कुकरात उकळल्या गेल्या. पुढं कितीतरी दिवस आमच्या वरणाला व्हॅनिलाचा वास येत होता.

शाळेच्या व्हरांड्यात बसून ते एकेक काडी वाकवून दुसरीत अडकवत लांबलचक साखळी विणायचे. पहिलं टोक सुटलं की सगळी वीण फडाफडा उडणार, म्हणून ते कुणीतरी अंगठ्यानं दाबून धरायचं. हे कुणीतरी म्हणजे मी. मी बँकेतून सुखानं निवृत्त झालो होतो, तो काय यासाठी? माझ्या गुडघ्यांना रग लागे, अंगठा बधिर होई, आणि यांचं व्याख्यान संपतच नसे. "पोरांनो, वाकवल्याली काडी म्हंजी दाबून ठिवलेली ताकद. ती कुटं जात न्हाई, निस्तं रूप बदलती. पाव्हणं, टोक दाबून धरा!" एकदा मला मुंगळा चावला आणि टोक सुटलं. काड्या नागासारख्या उसळत गेल्या, शेवटची वर्गाच्या बाईंच्या चहात पडली. पोरं आनंदानं नाचली. साडू म्हणाले, "फौजेत असता तर कोर्ट मार्शल झालं असतं तुमचं!"

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात अर्धांगानं लुळा पडला. त्यांच्या मुलानं त्यांना कायमचं आपल्याकडं सांगलीला न्यायचं ठरवलं. पण वर्गापासून फाटकापर्यंत साखळी करायचा शब्द त्यांनी पोरांना दिला होता, तो पुरा केल्याशिवाय ते गाडीत बसेनात. मी नेहमीसारखा टोक दाबून बसलो. एकट्या डाव्या हातानं त्यांना काडी नीट अडकवता येईना, चार काड्या झाल्या की वीण सुटायची. पुन्हा लावायचे, पुन्हा सुटायची. मग ते गप्प झाले आणि आपल्या लुळ्या हाताकडं बघत राहिले. त्यांनी एकदाचं गप्प बसावं म्हणून मी किती वर्षं देवाला साकडं घातलं होतं! पण त्या दिवशी मला ते बघवेना.

"द्या इकडं," मी खेकसलो. "तुम्ही इथं येऊन टोक धरा."

त्यांनी डाव्या हाताचा अंगठा टोकावर ठेवला. मी आणि पोरं विणत विणत फाटकापर्यंत गेलो. बाहेर मुलानं गाडी सुरू केली होती.

"सोडा आता, साडूभाऊ!" मी ओरडलो.

ते सोडेनात. पोरांकडं बघत तसेच वाकून बसले होते.

"थांबा की वाईच," ते म्हणाले. "आजून ताकद हाय हिच्यात."

मुलानं हॉर्न वाजवला. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.