लिहिण्याआधी

डहाणूच्या दवाखान्यात आम्ही नवराबायको नंबरची वाट बघत होतो. शेजारी उधव्याहून आलेली एक मुलगी ओढणीच्या टोकाने सारखी बोटं पुसत होती.

"कुणाला दाखवायचंय?" मी विचारलं.

"नाही काकू, कामासाठी आलेय. डॉक्टर तपासताना सांगतील ते कॉम्प्युटरवर लिहायचं. आज जमतंय का बघणार आहेत." आधी तलासरीत एका ठिकाणी तिला नको म्हणाले होते.

थोड्या वेळाने तिला आत बोलावलं. आमचा नंबर लागला तेव्हा ती डॉक्टरांच्या बाजूला, खुर्चीच्या कडेवर ताठ बसली होती. डॉक्टरांनी यांचे रिपोर्ट पाहिले आणि तिला भराभर इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. तिची बोटं चालली होती, ती एकदम थांबली.

"लिही ना," डॉक्टर म्हणाले.

तिचा चेहरा उतरला होता. "सर, आधी काकांना सांगा. मग लिहिते."

मला वाटलं, गेली हिची नोकरी. पण डॉक्टरांनी चष्मा काढला, यांच्याकडे वळले आणि कॅन्सर आहे हे मराठीत, सावकाश सांगितलं. यांनी विचारलं त्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर दिलं. त्यानंतरच तिने कीबोर्डला हात लावला.

पुढे आम्ही जायचो तेव्हा ती त्याच खुर्चीत असायची. यांना बघून मान किंचित झुकवायची, एवढंच.

हे आता नाहीत. पण त्यांच्यापासून मला काही लपवावं लागलं नाही. शेवटचे महिने आम्ही दोघं एकमेकांशी खरं बोलत राहिलो.